शंभर वर्षे जगलेला घोड्यांचा वैद्य

पावसाळा ओसरू लागला की घिवली, तारापूर, बोईसरकडच्या गोठ्यांत चावऱ्या माश्यांचा उपद्रव वाढतो. गोमाशी एका जनावराचे रक्त पीत असताना शेपटीच्या फटकाऱ्याने उठते आणि शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. 'सर्रा' या रोगाच्या जंतूला एका देहातून दुसऱ्या देहात जाण्यासाठी एवढे निमित्त पुरते. म्हैस हा रोग पुष्कळदा अंगावर काढते. घोडा मात्र उपचाराविना त्यातून सहसा वाचत नाही. आळीपाळीने चढणारा-उतरणारा ताप, पायांवर व पोटाखाली सूज, रक्तक्षय आणि खाणे चालू असूनही दिवसेंदिवस झिजत जाणारी काया, अशी त्याची लक्षणे आहेत. 'सडणे' या अर्थाच्या देशी शब्दावरून हे नाव पडले असे मानले जाते. या रोगाचा जंतू प्रथम ओळखण्याचा मान डॉ. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याकडे जातो. ही गोष्ट १८८० मधली.

इव्हान्स यांचा जन्म ७ ऑगस्ट १८३५ रोजी वेल्समधील टायविन गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातून १८५५ मध्ये पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे खासगी व्यवसाय केला आणि १८६० मध्ये लष्कराच्या तोफखान्यात पशुवैद्य म्हणून नोकरी धरली. पुढच्याच वर्षी त्यांची रवानगी कॅनडातील मॉन्ट्रिअलला झाली. घोड्यांची देखभाल करता करता त्यांनी तेथील मॅकगिल विद्यापीठात माणसांच्या वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८६४ मध्ये ती पदवीही मिळवली. त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध जवळून पाहण्यासाठी ते सीमा ओलांडून गेले, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची त्यांनी भेट घेतली आणि आघाडीवरील छावण्या पाहिल्या. दुसऱ्याच्या युद्धात हौसेने डोकावणारा हा गृहस्थ स्वभावाने चौकस होता, यात शंका नाही. सूक्ष्मदर्शक यंत्राची गोडी त्यांना लागली ती कायमची.

१८७७ मध्ये इव्हान्स हिंदुस्थानात आले. त्या काळी रोगजंतूंचा सिद्धांत नुकताच मूळ धरत होता. दूषित हवा, ओलसर जमीन, वाईट चारा यांनीच साथी येतात, असे मानणारे अधिकारी वरच्या जागांवर बसलेले होते. १८८० मध्ये सिंधू नदीच्या पश्चिम तीरावरील डेरा इस्माईल खान या ठाण्यात (हा प्रदेश आता पाकिस्तानात आहे) घोडे आणि उंट सर्राने मरू लागले आणि चौकशीसाठी इव्हान्स यांना धाडण्यात आले.

आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी पाहिला, तेव्हा तांबड्या पेशींच्या गर्दीत काही तरी वळवळत होते. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, नागमोडी हालचाल करणारा तो सजीव पेशींना धक्के देत फिरत होता. ते रक्त त्यांनी निरोगी जनावरांना टोचले. ती आजारी पडली आणि त्यांच्याही रक्तात तोच प्राणी दिसला. रोगाचे कारण हेच, असा निष्कर्ष त्यांनी सरकारला कळवला.

तो स्वीकारला गेला नाही. याला एक सबबही होती. १८७८ मध्ये टिमथी लुईस यांना तशाच प्रकारचे जंतू भारतातील धडधाकट उंदरांच्या रक्तात आढळले होते. उंदराला जे बाधत नाही ते घोड्याला कसे मारील, असा त्यामागचा तर्क. शिवाय हा जंतू लहरी. एका दिवशी काच भरून दिसावा आणि काही दिवसांनी त्याच घोड्याच्या रक्तात शोधूनही सापडू नये! असा येणारा-जाणारा पाहुणा रोगाचे मूळ कारण आहे, हे पटवून देणे सोपे नव्हते.

यापुढचा धागा मुंबईशी जुळतो. जॉन हेन्री स्टील हेही लष्करातील पशुवैद्य होते. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्करी खेचरांमध्ये पसरलेल्या रोगाची तपासणी करताना त्यांना तोच जंतू दिसला. ताप पुन्हा पुन्हा उलटतो आणि त्याच वेळी जंतू रक्तात वाढतात, हे त्यांनी नीट टिपले. जंतूचा वर्ग ठरवताना मात्र त्यांची चूक झाली. मळसूत्री जिवाणूंपैकी एक समजून त्यांनी त्याला 'स्पायरोकिटा इव्हान्सी' म्हटले. वर्ग पुढे दुरुस्त झाला, 'ट्रिपॅनोसोमा' हे कुलनाम लागले, पण इव्हान्स यांचे नाव टिकले. १८८६ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य हेच स्टील. १८९१ मध्ये ऐन उमेदीत त्यांचे निधन झाले.

या उलटणाऱ्या तापाचे कोडे सुटायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ट्रिपॅनोसोमाच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. घोड्याचे शरीर तो ओळखून प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक जंतू मरतात, ताप उतरतो. पण जंतूच्या जनुकसंचात निरनिराळ्या अंगरख्यांचे आराखडे शेकड्यांनी साठवलेले असतात. एका वेळी एकच वापरात असतो. थोड्या जंतूंनी तोवर दुसरा चढवलेला असतो. त्यांची पैदास वाढली की ताप पुन्हा चढतो. सर्रावर परिणामकारक लस अद्याप नाही, याचे मुख्य कारण हेच. घोड्यांच्या हर्पिस विषाणूची युक्ती याहून वेगळी. तो एकदा शिरला की सुप्तावस्थेत दडून बसतो आणि संधी मिळताच डोके वर काढतो. त्याच्या एका प्रकारात जनुकातील एकाच अक्षराचा बदल मज्जासंस्थेच्या विकाराशी जोडला गेला आहे. सर्राचा जंतू दडत नाही; तो उघड्यावर राहून वेष पालटतो. अधिकाऱ्यांना जो इव्हान्स यांच्या पुराव्यातील कच्चा दुवा वाटावा, तेच खरे तर रोगाचे मर्म होते.

या जंतूने महाराष्ट्रात एकदा आणखी एक आश्चर्य घडवले. माणसाला सर्रा होत नाही, असे पूर्वापार मानले जात होते. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आढळला. अनेक महिने त्याला ताप येत-जात होता. जगातील ही पहिली निश्चित नोंद ठरली. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. आसपासच्या गावकऱ्यांचीही तपासणी झाली; कोणाच्या रक्तात जंतू सापडला नाही. मग यालाच का? २००६ मध्ये उत्तर मिळाले. माणसाच्या रक्तात या जंतूला मारणारे 'एपीओएल १' नावाचे प्रथिन असते. या शेतकऱ्याच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्याने ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच.

यातले काहीच इव्हान्स यांच्या हयातीत उलगडायचे नव्हते. सुदैवाने मूळ निष्कर्ष खरा ठरलेला पाहण्याइतके आयुष्य मात्र त्यांना लाभले. १८९० मध्ये लष्करातून निवृत्त होऊन ते वेल्समधील बँगर येथे स्थायिक झाले आणि तेथील महाविद्यालयात सुमारे दोन दशके पशुआरोग्य शिकवत राहिले. दरम्यान डेव्हिड ब्रूस यांनी आफ्रिकेतील 'नगाना' या जनावरांच्या रोगामागे तसाच जंतू असल्याचे दाखवले. पाठोपाठ माणसाच्या निद्रारोगाचे कारणही ट्रिपॅनोसोमाच निघाला. १८८० च्या अहवालाची आठवण मग सर्वांना झाली. १९१७ मध्ये लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने इव्हान्स यांना मेरी किंग्स्ली पदक दिले. त्या वेळी त्यांनी ऐंशी ओलांडली होती. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या पशुवैद्यक संघटनेचे पदक आले. ते स्टील यांच्या स्मरणार्थ दिले जाणारे पदक होते. ज्याने जंतूला इव्हान्स यांचे नाव दिले, त्याच्याच नावाचे पदक इव्हान्स यांच्या हाती पडले तेव्हा परळच्या त्या पहिल्या प्राचार्यांना जाऊन सत्तावीस वर्षे लोटली होती.

ऑगस्ट १९३५ मध्ये इव्हान्स यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला बँगर येथे त्यांचे निधन झाले.