खोटं नाव, खरं काम

मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे माझं मराठी कच्चं आहे. चुका सांभाळून घ्या.

आपण सिव्हिलवाले चार वर्षं घासून धरणं शिकतो. पण डिग्री न घेता धरण बांधणारा एक प्राणी आहे, उत्तर अमेरिकेतला बीव्हर! दातांनी झाडं पाडायची, फांद्या, दगड, चिखल रचून ओढा अडवायचा. कशासाठी? पाणी खोल झालं की त्याच्या घराचं दार पाण्याखाली राहतं. लांडगा आत येऊ शकत नाही आणि हिवाळ्यात वर बर्फ जमला तरी खालून ये-जा चालू राहते.

या प्राण्याने एका माणसाचं आयुष्य बदललं. त्याचं नाव ग्रे आऊल. तो १९०६ साली कॅनडात आला, ओजिब्वे लोकांकडून जंगल शिकला आणि फरसाठी बीव्हर मारून पोट भरू लागला. आपली आई अपाची जमातीची, असं तो सांगायचा. १९२८ मध्ये त्याच्या सापळ्यात एक मादी मेली आणि तिची दोन पिल्लं मागे राहिली. मोहॉक वंशाची त्याची जोडीदार अनाहारिओ हिच्या आग्रहामुळे ती पिल्लं वाचली आणि झोपडीत वाढली. त्यांचा लळा लागला आणि याने बीव्हर मारणं कायमचं सोडलं!

तेव्हा फरच्या धंद्यामुळे बीव्हर संपत आले होते. १९३१ मध्ये त्याला नॅशनल पार्कमध्ये नोकरी मिळाली. पुढे सस्कॅचेवानमधल्या अजवान तळ्याकाठच्या त्याच्या केबिनमध्ये बीव्हरांनी चक्क निम्मं घर आत बांधलं होतं. त्याने पुस्तकं लिहिली, इंग्लंडभर भाषणं दिली, १९३७ मध्ये राजासमोरही बोलला.

एप्रिल १९३८ मध्ये तो वारला आणि लगेच पेपरांत भांडं फुटलं. हा तर इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा, आत्यांनी वाढवलेला आर्चिबाल्ड बेलानी! शिवाय ओजिब्वे बायको आणि मुलीला तो वाऱ्यावर सोडून गेला होता, तेही खरंच.

मग त्याचं काम खोटं का? मला नाही तसं वाटत. आज कॅनडात बीव्हर पुन्हा भरपूर आहेत. धरणामुळे रस्ता बुडायला लागला तर काही ठिकाणी बीव्हरला न मारता धरणातून पाईप टाकून पातळी खाली ठेवतात. पण ज्या लोकांचं नाव त्याने वापरलं, त्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न उरतोच.

हे वाचून मला माझंच आठवलं. फर्स्ट इयरला रॅगिंगच्या भीतीने मी बाबा मोठे ऑफिसर आहेत असं ठोकून दिलं होतं. बाबा क्लार्क आहेत. त्यांच्याच पगारातून माझी फी भरली जाते. ग्रे आऊलचं खरं त्याच्यामागे दुसऱ्यांनी सांगितलं. माझं मीच सांगून टाकतो. आता विंगमध्ये हसा खुशाल!