थोड्या लोकांना विचारून सगळ्या देशाचं उत्तर कसं कळतं? सॅम्पलिंगचे जादूगार प्रा. महालनोबिस यांची गोष्ट

समजा तुम्ही इन्स्टाग्रामवर पोल टाकला आणि ५०० जणांनी मत दिलं. मग महाराष्ट्राच्या तरुणांचं मत कळलं असं म्हणता येईल का? नाही. कारण मत देणारे सगळे तुम्हाला फॉलो करणारे, त्या दिवशी ऑनलाईन असलेले आणि पोलवर टॅप करायची इच्छा झालेले लोक आहेत. बाकीचे कुठे आहेत?

आता दुसरी बाजू बघा. देशात बेरोजगारी किती, एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च किती, हे आकडे बातम्यांमध्ये येतात तेव्हा सरकारने १४० कोटी लोकांना विचारलेलं नसतं. फार तर काही लाख कुटुंबांना विचारलेलं असतं. तरीही त्या आकड्यांवरून देशाच्या योजना ठरतात. मग तुमचा पोल चुकीचा आणि हा सर्व्हे बरोबर, असं का? हा फरक भारताला ज्यांनी शिकवला त्यांचं नाव प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. चला, त्यांची गोष्ट समजून घेऊया.

ट्रेन चुकली आणि केंब्रिज मिळालं

महालनोबिस यांचा जन्म १८९३ साली कोलकात्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्रात पदवी घेऊन १९१३ साली ते इंग्लंडला गेले. जायचं होतं लंडनमध्ये शिकायला. पण सहज केंब्रिज बघायला गेले असताना परतीची शेवटची ट्रेन चुकली आणि रात्री मित्राकडे मुक्काम करावा लागला. तिथल्या किंग्ज कॉलेजचं चॅपल त्यांना इतकं आवडलं की त्यांनी तिथेच प्रवेश घेतला.

केंब्रिजमध्ये त्यांची दोस्ती झाली थेट श्रीनिवास रामानुजन यांच्याशी. थंडीने बेजार झालेल्या रामानुजन यांना पलंगावरच्या चादरीखाली ब्लँकेटं असतात हेच माहीत नव्हतं. त्या ब्लँकेटांच्या आत शिरून कसं झोपायचं ते महालनोबिस यांनी त्यांना दाखवलं.

शिक्षण संपवून घरी निघायच्या सुमारास एका शिक्षकाने त्यांना ‘बायोमेट्रिका’ नावाचं संख्याशास्त्राचं नियतकालिक दाखवलं. महालनोबिस यांनी त्याचे सगळे खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचत वाचत भारतात आले. प्रेसिडेन्सीत नोकरी भौतिकशास्त्र शिकवायची होती, पण डोक्यात आकडे शिरले होते.

नागपुरात मिळालेला प्रश्न

१९२० साली नागपूरला इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे त्यांना प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल भेटले. त्यांच्याकडे कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं होती: उंची, डोक्याची लांबी-रुंदी वगैरे. या मापांचा अर्थ लावून द्याल का, असं त्यांनी विचारलं.

या कामातून एक अवघड प्रश्न पुढे आला. दोन समूह एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे एका आकड्यात कसं सांगायचं? नुसता सगळ्या मापांमधला फरक मोजून चालत नाही, कारण मापं एकमेकांशी जोडलेली असतात. उदाहरणार्थ, फोनची बॅटरी मोठी असली की वजनही वाढतं. मग बॅटरी आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी धरून फरक मोजला तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखी होते. महालनोबिस यांनी हे नातं हिशेबात धरणारं सूत्र काढलं आणि १९३६ साली त्याचं पूर्ण रूप प्रसिद्ध केलं. आज जगभर त्याला ‘महालनोबिस अंतर’ म्हणतात. मशीन लर्निंगमध्ये गर्दीत न बसणारा डेटा, म्हणजे आउटलायर, शोधायला ते अजूनही वापरतात.

एका खोलीत सुरू झालेली संस्था

प्रेसिडेन्सी कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागातल्या एका खोलीत त्यांनी संख्याशास्त्राची प्रयोगशाळा थाटली होती. त्यातूनच डिसेंबर १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आयएसआय, उभी राहिली. १९३३ साली संस्थेचं ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू झालं. सी. आर. राव, राज चंद्र बोस, समरेंद्रनाथ रॉय असे पुढे जगभर नाव झालेले लोक याच संस्थेत घडले.

शितावरून भाताची परीक्षा, पण शित कोणतं?

आता येऊया मुख्य मुद्द्याकडे. १९३७ मध्ये महालनोबिस यांच्याकडे काम आलं: बंगालमध्ये ताग किती एकरांवर लावलाय ते शोधायचं. ताग म्हणजे त्या वेळचं मोठं नगदी पीक. आकडा चुकला तर भाव कोसळणार आणि शेतकरी मरणार. पण बंगालमध्ये आपल्या तलाठ्यासारखी गावोगाव नोंदी ठेवणारी यंत्रणाच नव्हती. बरेचसे आकडे अंदाजपंचे दाहोदरसे!

एक उपाय होता, प्रत्येक शेत मोजायचं. पण त्याला हजारो माणसं आणि भरमसाट पैसा लागणार, आणि मोजणी संपेपर्यंत पीक बाजारात गेलेलं असणार.

महालनोबिस यांनी वेगळा रस्ता धरला. आपण म्हणतो ना, शितावरून भाताची परीक्षा. पण ती परीक्षा बरोबर येते कारण भात नीट ढवळलेला असतो. शेतं ढवळता येत नाहीत. मग काय करायचं? निवड ढवळायची! नकाशावर ठिकाणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची आणि जिथे चिठ्ठी पडेल तिथेच जाऊन मोजायचं. रस्त्याच्या कडेचं सोयीचं शेत नाही, ओळखीच्या माणसाचं शेत नाही. चिखलातून पाच किलोमीटर चालत जावं लागलं तरी तिथेच. यालाच रँडम सॅम्पलिंग म्हणतात.

यात त्यांनी तीन गोष्टींवर भर दिला:

१. आधी छोटी चाचणी. मोठा सर्व्हे करण्यापूर्वी छोटा पायलट सर्व्हे करायचा. त्यातून खर्च किती, चूक किती आणि अडचणी कोणत्या हे कळतं. ॲप सगळ्यांना देण्यापूर्वी बीटा व्हर्जन काढतात, तसंच काहीसं. तागाचा सर्व्हेही लहानापासून वाढवत १९४१ मध्ये जवळजवळ पूर्ण प्रांतात नेला.

२. पैसा आणि अचूकता यांचा हिशेब. चूक निम्मी करायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. म्हणून हातातल्या पैशात कमीत कमी चूक कशी येईल याचं गणित त्यांनी मांडलं.

३. मोजणाऱ्यावरही नजर. एकाच भागात दोन वेगळे नमुने काढायचे आणि दोन वेगळ्या टीमना द्यायचे. दोघांची उत्तरं जवळपास आली तर ठीक. फार फरक पडला तर कुठेतरी गडबड आहे. कुणी झाडाखाली बसून फॉर्म भरला असेल, तर तेही पकडलं जाण्याची शक्यता वाढते.

सरकारने पुढे एक-एक शेत मोजून ताग मोजला, तेव्हा व्यापारातून कळलेल्या प्रत्यक्ष उत्पादनाच्या जास्त जवळ नमुन्याचा अंदाज निघाला, आणि तोही कितीतरी कमी खर्चात. सगळं मोजलं म्हणजे बरोबर मोजलं असं नाही. हजारो घाईतल्या माणसांपेक्षा नीट शिकवलेली थोडी माणसं चांगली, हा यातला धडा.

भुकेचा हिशेब

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं गेली. त्यानंतर महालनोबिस यांच्या संस्थेने शेकडो गावांतल्या हजारो कुटुंबांचा नमुना सर्व्हे केला. कुणाची जमीन गेली, कुणी बैल विकले, कुणावर भीक मागायची वेळ आली, हे त्यात नोंदवलं. भूमिहीन आणि छोट्या शेतकऱ्यांना सगळ्यात जास्त फटका बसल्याचं त्यातून दिसलं. सर्व्हे फक्त पिकांचा नाही, माणसाच्या अवस्थेचाही करता येतो हे भारतात या कामाने ठळकपणे दाखवलं.

फाळणीच्या वेळची एक गोष्ट सी. आर. राव यांनी लिहून ठेवलीय. दिल्लीच्या लाल किल्ल्यात निर्वासितांनी आसरा घेतला होता. त्यांना जेवण पुरवणारे ठेकेदार मोठमोठी बिलं लावत होते, पण आत जाऊन माणसं मोजणं शक्य नव्हतं. संख्याशास्त्रज्ञांना फक्त तांदूळ, डाळ आणि मीठ किती लागलं एवढेच आकडे मिळाले. माणशी किती मीठ लागतं हे जुन्या सर्वेक्षणांतून माहीत होतं. तांदूळ-डाळ महाग, तिथे आकडा फुगवण्यात फायदा. मीठ स्वस्त, ते कोण फुगवणार? म्हणून मिठावरून डोकी मोजली. आज कंपन्या मोबाईल डेटावरून गर्दीचा अंदाज बांधतात, त्याच जातीची ही युक्ती.

अख्ख्या देशाचा सर्व्हे आणि साताऱ्याचा माणूस

१९४९ साली महालनोबिस केंद्र सरकारचे सांख्यिकी सल्लागार झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष ते, आणि सदस्यांमध्ये पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. देशाचं उत्पन्न मोजायला बसल्यावर लक्षात आलं की निम्मी माहिती उपलब्धच नाही. म्हणून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, म्हणजे एनएसएस, सुरू झालं. पहिल्या फेरीत सुमारे १८०० गावं निवडली होती. आजचे बेरोजगारी आणि खर्चाचे आकडे याच परंपरेतून येतात.

पण सगळेच त्यांच्याशी सहमत नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे तेवढ्याच तोडीचे संख्याशास्त्रज्ञ. पिकाचा उतारा काढताना शेतात किती मोठा तुकडा कापायचा यावर दोघांचा जोरदार वाद झाला. तुकडा फार लहान असला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उतारा जास्त दिसतो, हे सुखात्मे यांनी दाखवलं. म्हणजे नमुना रँडम असला तरी मोजायची पद्धत चुकली तर उत्तर चुकतंच. हा वाद भारतीय सॅम्पलिंगच्या फायद्याचाच ठरला.

महालनोबिस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही बनवला. अवजड उद्योगांवर त्यात जास्त भर दिला आणि शेतीकडे दुर्लक्ष झालं, अशी टीका त्यावर आजही होते.

भारतातला पहिला कॉम्प्युटर

लाखो फॉर्म हाताने मोजणार कोण? या गरजेतून १९५६ मध्ये आयएसआयमध्ये ब्रिटनहून आणलेला एचईसी-२एम बसवला गेला. हा भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर. पुढे सोव्हिएत युनियनचा उरल आला. १९६६ मध्ये जादवपूर विद्यापीठासोबत संस्थेने स्वतःचा आयएसआयजेयू-१ बनवला. म्हणजे आपल्याकडे कॉम्प्युटर आला तो आधी डेटासाठी!

१९६८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २८ जून १९७२ रोजी, ७९व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचं निधन झालं.

पुढच्या वेळी हे तपासा

व्हॉट्सॲपवर एखाद्या सर्व्हेचा आकडा आला की फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा:

- किती जणांना विचारलं यापेक्षा, ते कसे निवडले? नीट रँडम निवडलेले १००० लोक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे एवढं अचूक उत्तर देतात. स्वतःहून आलेले १ लाख लोकही फसवू शकतात.
- कोण सुटलं? ज्यांच्याकडे फोन नाही, वेळ नाही, ते यात आहेत का?
- प्रश्न कसा विचारला आणि मोजलं कसं?
- दुसऱ्या कुणी वेगळा नमुना घेऊन तपासलं का?

भात नीट ढवळलेला असेल तर एक शित पुरतं. ढवळलेला नसेल तर अख्खी वाटी खाऊनही पातेल्याच्या तळाचं कळत नाही.