शिडाकडून वाफेकडे नेणारे अर्देशीर वाडिया

मोठी जहाजे विजेवर चालवून पाहण्याच्या चाचण्या सध्या समुद्रात सुरू आहेत. असाच एक बदल, शिडाकडून वाफेकडे जाण्याचा, मुंबईने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पाहिला. त्यातले मोठे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया (१८०८-१८७७).

जहाजबांधणी घरचीच. चौदाव्या वर्षी ते गोदीत दाखल झाले. ओढ मात्र इंजिनाची. आधी त्यांनी एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः बनवून विहिरीचे पाणी उपसले. मग इंग्लंडहून १० अश्वशक्तीचे इंजिन मागवून ‘इंडस’ या ६० टनी बोटीवर बसवले आणि १८३३ मध्ये ती पाण्यात उतरवली. अडचण कोळशाची होती. १८३० मध्ये मुंबईहून सुएझला गेलेल्या ‘ह्यू लिंडसे’वर कोळशासाठी केबिनसुद्धा भराव्या लागल्या. आजच्या बॅटरीचे दुखणेही तेच, वजन आणि जागा!

१८४१ मध्ये ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. हाताखाली युरोपीय कारागीर. गोऱ्यांवर देशी साहेब, हे शहरातल्या एका इंग्रजी वृत्तपत्राला रुचले नाही. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले; हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. फॅक्टरीतून ते १८५७ मध्ये निवृत्त झाले.