अफूशी झुंजणारा कवी : सॅम्युएल टेलर कोलरिज

इंग्रजी साहित्यात रोमँटिक कवितेचे युग ज्या दोघांनी सुरू केले, त्यांपैकी वर्डस्वर्थला दीर्घायुष्य, मानसन्मान आणि राजकवीपद लाभले. दुसरा सॅम्युएल टेलर कोलरिज. ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ आणि ‘कुब्ला खान’ या कवितांचा हा कर्ता प्रतिभेने तसूभरही उणा नव्हता; परंतु त्याच्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षे एका औषधाच्या तावडीतून सुटण्याच्या धडपडीत गेली.

ते औषध म्हणजे लॉडनम, मद्यार्कात मुरवलेला अफूचा अर्क. त्या काळी इंग्लंडमध्ये ते कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळे. खोकला, हगवण, संधिवात, निद्रानाश, मनाची उदासी अशा साऱ्यांवर तोच उतारा. रडणाऱ्या तान्ह्या मुलांनाही अफूची औषधे पाजली जात. त्याच्या विक्रीवर कायद्याचे बंधन आले ते १८६८ मध्ये, कोलरिजच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी.

कोलरिजचा जन्म २१ ऑक्टोबर १७७२ रोजी डेव्हन परगण्यातील ऑटरी सेंट मेरी या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १७८१ मध्ये वडील वारले आणि या शेंडेफळाची रवानगी लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत झाली. तेथेच त्याला संधिवाताच्या तापाने गाठले. पुढे केंब्रिजचे शिक्षण अर्धवट सुटले, १७९५ मध्ये सारा फ्रिकरशी विवाह झाला आणि १७९८ मध्ये वर्डस्वर्थच्या जोडीने ‘लिरिकल बॅलड्स’ हा युगप्रवर्तक संग्रह प्रसिद्ध झाला.

१८०० मध्ये तो सरोवरांच्या प्रदेशातील केझिक येथे राहायला गेला. तेथील दमट हवेत सांधे सुजू लागले, अंथरूण धरावे लागले आणि अधूनमधून घेतला जाणारा अर्क नित्याचा झाला. संसारात सुख नव्हते, सारा हचिन्सनवरील प्रेमाला भवितव्य नव्हते आणि कवित्वशक्ती आटत चालल्याची भीती मन पोखरत होती. ‘डिजेक्शन’ ही १८०२ मधील कविता याच खिन्नतेतून जन्मली. शरीराच्या वेदनेसाठी घेतलेले औषध आता मनाचाही आधार बनले.

१८०३ च्या उन्हाळ्यात वर्डस्वर्थ बहीण-भावांबरोबर तो स्कॉटलंडच्या प्रवासाला निघाला. मध्येच त्यांची साथ सोडून तो एकटाच पायी चालू लागला आणि आठ दिवसांत त्याने २६३ मैलांची मजल मारली. अफू दूर ठेवण्याचा प्रयत्न करणाऱ्या देहाची ती तगमग होती. दिवसा चालून शरीर थकवता येई. रात्र मात्र वैरीण ठरे. डोळा लागताच भयंकर स्वप्ने पडत आणि आपल्याच किंकाळीने तो जागा होई. ‘द पेन्स ऑफ स्लीप’ या कवितेत त्या रात्री उतरल्या आहेत.

१८०४ मध्ये हवापालटासाठी तो माल्टाला गेला. १८०६ मध्ये परतला तेव्हा स्थूल, निस्तेज कोलरिजला पाहून मित्रांना धक्का बसला. १८१० मध्ये वर्डस्वर्थशी बेबनाव झाला. १८१३-१४ मध्ये बाथ आणि ब्रिस्टल येथे तो पार खचला. मित्राने त्याच्यावर पहारा ठेवला. पण पहारेकऱ्याला चकवून अर्क मिळवण्याच्या युक्त्या त्याला साधल्या होत्या. स्वतःला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे, असेही त्याने मित्रांना विनवले.

याच वेळी त्याच्याभोवती एक वाद उभा राहिला. त्याचा साडू, कवी साउदी, याच्या मते हा सारा चैनीचा आणि दुबळ्या मनाचा प्रश्न होता. कोलरिजचे म्हणणे वेगळे होते. सुखासाठी नव्हे, तर वेदना टाळण्यासाठी आपण अर्क घेतो. तो एकाएकी थांबवला की शरीर असे बंड करते की जीव जाईल असे वाटते. आणि ज्या इच्छाशक्तीच्या बळावर सुटायचे, तीच या औषधाने पंगू केली आहे, असे तो सांगत असे.

विज्ञानाने पुढे त्याच्या बाजूने बरीच साक्ष दिली. अफूचे द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहकांवर काम करते, त्यांचा शोध १९७३ मध्ये लागला. दीर्घकाळ मिळणाऱ्या औषधाशी मेंदू जुळवून घेतो आणि ते अचानक काढून घेतले की त्याचा तोल जातो. नैराश्यावरील आजच्या गोळ्या अफूच्या जातीच्या नव्हेत, त्यांची तशी तल्लफही लागत नाही. पण त्या एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, निद्रानाश, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्याची भावना असे त्रास अनेकांना होतात. मूळ आजारच उलटला, असा समजही त्यातून होतो. म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने कमी करण्याची शिफारस केली.

कोलरिजला तसा वैद्य एप्रिल १८१६ मध्ये भेटला. लंडनजवळच्या हायगेट येथील जेम्स गिलमन यांच्या घरी तो महिनाभरासाठी म्हणून आला आणि अठरा वर्षे राहिला. गिलमन यांनी मात्रा आपल्या हाती ठेवली आणि ती मर्यादेत आणली. विजय पूर्ण नव्हता; गावातल्या औषधविक्रेत्याकडून कोलरिज चोरून अर्क आणवत असे. तरीही गिलमन दांपत्याने त्याला घराबाहेर काढले नाही. या आश्रयात त्याची लेखणी पुन्हा चालू लागली. ‘बायोग्राफिया लिटरारिया’ १८१७ मध्ये, तर ‘एड्स टू रिफ्लेक्शन’ १८२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्लाइल आणि एमर्सन यांच्यासारखे विचारवंत त्याचे बोलणे ऐकण्यासाठी हायगेटची टेकडी चढून आले.

२५ जुलै १८३४ रोजी गिलमन यांच्याच आश्रयात कोलरिजने देह ठेवला. अफू त्याला अखेरपर्यंत पूर्णपणे सुटली नाही. परंतु १८१४ मध्ये ज्याची आशा जवळच्यांनीही सोडली होती, तो माणूस त्यानंतर वीस वर्षे जगला, लिहिता राहिला. मोजून दिलेली मात्रा आणि चुकला तरी न मिटणारे घराचे दार, या दोन गोष्टींचा त्यात मोठा वाटा होता.