हृदयाच्या विजेला अक्षरे देणारे आइन्थोव्हेन

मुंबई, प्रतिनिधी

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, उपनगरांतील लहानशा नर्सिंग होममध्येही आज काही मिनिटांत ईसीजी निघतो. छातीला आणि हातापायांना तारा जोडल्या जातात, चौकटींच्या कागदावर वरखाली जाणारी रेषा उमटते. त्या रेषेवरील पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. ती देणारे शास्त्रज्ञ म्हणजे नोबेल पारितोषिक विजेते विलेम आइन्थोव्हेन.

आइन्थोव्हेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंग येथे झाला. आजच्या इंडोनेशियातील हे शहर तेव्हा डचांच्या ताब्यात होते आणि वडील तेथे डॉक्टर होते. बालपणीच पितृछत्र हरपले. १८७० मध्ये आईने सहा मुलांसह हॉलंडमधील उट्रेख्ट गाठले. तेथेच १८७८ मध्ये विलेम वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. व्यायामाची आवड असलेल्या या विद्यार्थ्याचे एकदा पडून मनगट मोडले. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी कोपराच्या सांध्याचा अभ्यास केला आणि त्यावर निबंध लिहिला. १८८५ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि अवघ्या २५ व्या वर्षी लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकपदी त्यांची निवड झाली. अखेरपर्यंत ते तेथेच रमले.

माणसाच्या हृदयातील विद्युतप्रवाहाचा आलेख १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी प्रथम टिपला. मात्र त्यांचे पाऱ्याचे उपकरण मंद होते. रेषा प्रत्यक्ष प्रवाहाच्या मागे पडे. आइन्थोव्हेन यांनी ही चूक गणिताने दुरुस्त केली आणि १८९५ मध्ये आलेखातील चढउतारांना अक्षरे दिली. पुढे गणिताची गरजच पडू नये म्हणून त्यांनी नवे यंत्र घडविले. शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू ताणून बसविला. हृदयाच्या क्षीण प्रवाहानेही तो तंतू हले. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. असे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे अशक्यच होते. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातील रुग्णांचे आलेख टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत उमटवून दाखविले.

१९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच या अक्षरांनी एक नवे कोडे पुढे आणले. हृदयाचे मोठे कप्पे विजेने उत्तेजित होऊन पुन्हा पूर्वस्थितीत येण्यास जो काळ लागतो, तो आलेखावर क्यू ते टी या अंतरात दिसतो. हेन्री बॅझेट यांनी १९२० मध्ये नाडीच्या गतीनुसार हे अंतर मोजण्याचे सूत्र मांडले. त्यात पुरुषांसाठी ०.३७ आणि स्त्रियांसाठी ०.४० असे वेगळे स्थिरांक होते. म्हणजेच नाडी सारखी असूनही स्त्रीचे हृदय पूर्ववत होण्यास किंचित अधिक वेळ घेते. आजही पुरुषांत ४५०, तर स्त्रियांत ४६० मिलिसेकंद ही साधारण मर्यादा मानली जाते.

हे अंतर आनुवंशिक दोषाने फार वाढले, तर हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. यास कारणीभूत असलेली प्रमुख जनुके अकराव्या, सातव्या आणि तिसऱ्या गुणसूत्रांवर आहेत. लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत. दोष मुलाकडेही जातो, मुलीकडेही. पण त्याचा परिणाम मात्र सारखा नसतो. वयात आल्यावर टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांतील हे अंतर कमी होते. मुलींत ते तसेच राहते. त्यामुळे या विकाराच्या पहिल्या प्रकारात मुलांना बालपणी, तर स्त्रियांना तारुण्यानंतरही धोका राहतो. दुसऱ्या प्रकारात प्रसूतीनंतरचे महिने विशेष जोखमीचे असतात. काही औषधांमुळे हे अंतर वाढून उद्भवणाऱ्या लयबिघाडातही स्त्रियांचेच प्रमाण अधिक आढळते. उलट ब्रुगाडा नावाचा आनुवंशिक विकार प्रामुख्याने पुरुषांत प्रकट होतो.

लोकलसाठी धावताना किंवा घड्याळाच्या गजराने दचकून एखादी तरुणी बेशुद्ध पडली, तर घरचे अशक्तपणा म्हणून सोडून देतात. कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले असल्यास ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी. भावंडांचाही ईसीजी काढून घेणे हिताचे ठरते. हा दोष असलेल्यांनी कोणतेही नवे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आइन्थोव्हेन यांच्या २७० किलोंच्या यंत्राचे काम आज हाताच्या तळव्यावर मावणारे उपकरण करते. अक्षरे मात्र तीच राहिली आहेत. ती वाचताना समोर स्त्री आहे की पुरुष, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे ठरले आहे.