गिल्बर्ट वॉकर

सर गिल्बर्ट थॉमस वॉकर (१४ जून, इ.स. १८६८ - ४ नोव्हेंबर, इ.स. १९५८) हे इंग्रज गणितज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराचा परस्परसंबंध दाखवणारे 'दक्षिणी दोलन' त्यांनी शोधून काढले.

त्यांचा जन्म लँकेशायरमधील रॉचडेल येथे झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातून ते इ.स. १८८९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. दहा वर्षांनी हाच मान र. पु. परांजपे यांना मिळाला. बूमरँगच्या उड्डाणाचे गणितही त्यांनी मांडले होते.

==भारतातील कार्य==
इ.स. १८९९ मध्ये मोसमी पावसाने दगा दिला आणि भीषण दुष्काळ पडला. हवामान खात्याने त्या वर्षी चांगल्या पावसाचे भाकीत केले होते. अशा पार्श्वभूमीवर इ.स. १९०४ मध्ये वॉकर भारतातील वेधशाळांचे महासंचालक झाले. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांनी जगभरच्या वायुभार, तापमान व पर्जन्याच्या नोंदी मिळवल्या आणि भारतीय कारकुनांकडून हजारो सहसंबंध हाताने काढून घेतले. अनेक घटक तपासले की एखादा निव्वळ योगायोगानेही जुळतो, हे ओळखून त्यांनी त्यासाठी कसोटीही ठरवली. ही सावधगिरी त्या काळी विरळाच होती.

प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या प्रदेशात तो घटतो, आणि उलटही घडते, असे त्यांना आढळले. मात्र मोसमी पावसाचे भरवशाचे भाकीत, ज्यासाठी हा सारा खटाटोप होता, ते त्यांच्या हयातीत साधले नाही. कारण सांगता न आल्यामुळे अनेक समकालीनांनी या आकडेमोडीकडे साशंकतेने पाहिले. समुद्राच्या तापमानाच्या पुरेशा नोंदी तेव्हा उपलब्धच नव्हत्या.

मद्रास भेटीत रामानुजन यांचे काम पाहून त्यांनी इ.स. १९१३ मध्ये विद्यापीठाकडे त्यांची शिफारस केली, हेही नोंदवण्याजोगे आहे.

==उत्तरकाल==
इ.स. १९२४ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. पुढे दहा वर्षे ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक होते. बासरीच्या रचनेचाही त्यांचा अभ्यास होता.

इ.स. १९५८ मध्ये सरे परगण्यातील कूल्सडन येथे त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास, इ.स. १९५७-५८ च्या एल निनोमध्ये, प्रशांत महासागराच्या तापमानाच्या विपुल नोंदी गोळा झाल्या होत्या. त्यांच्या आधारे याकोब ब्यर्कनेस यांनी इ.स. १९६९ मध्ये दक्षिणी दोलनाचा संबंध समुद्राच्या तापमानाशी जोडला. पश्चिमेकडील उष्ण पाण्यावर हवा वर चढते, पूर्वेकडील थंड पाण्यावर खाली उतरते. या चक्राला त्यांनी 'वॉकर अभिसरण' हे नाव दिले. पूर्वेकडील पाणी तापले की हे चक्र मंदावते. त्यामागची गतिकी मात्सुनो (इ.स. १९६६) आणि गिल (इ.स. १९८०) यांच्या गणिताने उलगडली. उष्ण समुद्रावरील पावसातून वातावरणाला उष्णता मिळते, तेव्हा विषुववृत्तालगत केल्विन लाटा पूर्वेकडे आणि रॉस्बी लाटा पश्चिमेकडे पसरतात. वाऱ्यांत व वायुभारात दूरवर होणारे बदल या लाटांमधूनच पोहोचतात.