‘बुर्दा’चा कवी आणि एकेश्वरवादाची सीमारेषा

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात सूफी संत अबुल अब्बास अल-मुर्सी यांच्या प्रसिद्ध मशिदीसमोर एका कवीच्या नावाची मशीद आहे. हा कवी सुलतान नव्हता, सेनापती नव्हता आणि मोठा धर्मशास्त्रज्ञही नव्हता. आयुष्याचा बराच काळ त्याने सरकारी दप्तरात लेखणी झिजवली. तरीही त्याने रचलेले एक काव्य गेली सातशेहून अधिक वर्षे मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत सामुदायिकरीत्या गायिले जाते. ‘कसीदा बुर्दा’ या नावाने ते ओळखले जाते आणि त्याचे कर्ते आहेत शरफुद्दीन मुहम्मद बिन सईद अल-बुसीरी. इस्लामी जगात या काव्याइतके प्रेम क्वचितच दुसऱ्या कवितेच्या वाट्याला आले असेल. मात्र प्रेषितांना उद्देशून गायिलेली भक्तिगीते इस्लामच्या कठोर एकेश्वरवादात बसतात काय, हा वादही याच काव्याभोवती सर्वाधिक रंगला.

बुसीरी यांचा जन्म इ. स. १२१२-१३ च्या सुमारास इजिप्तमध्ये झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तर आफ्रिकेतील बर्बर वंशाचे. आईवडिलांपैकी एकाचे गाव दलास आणि दुसऱ्याचे बुसीर. म्हणून दोन्ही नावे जोडून त्यांना गंमतीने ‘दलासीरी’ असेही म्हटले जाई, असे चरित्रकार नोंदवतात. कैरोत त्यांनी कुराणपठण, अरबी भाषा आणि धर्मशास्त्र यांचे शिक्षण घेतले. हस्ताक्षर सुंदर असल्याने लेखनिकाचे काम मिळणे अवघड नव्हते. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बिलबीस येथे त्यांनी महसुली खात्यात नोकरी धरली.

या नोकरीत त्यांना समाधान लाभले नाही. कुटुंब मोठे, मिळकत तुटपुंजी आणि सहकारी लाचखाऊ. बुसीरी यांनी आपला संताप उपहासकाव्यातून व्यक्त केला. सरकारी तिजोरीवर डल्ला मारणाऱ्या अधिकाऱ्यांची त्यांनी अशी खरडपट्टी काढली, की त्या काळच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांनाही त्या कविता उपयोगी पडाव्यात. एका वरिष्ठाने त्यांची गाढवी परत देण्याचे टाळले, तेव्हा त्यांनी खुद्द गाढवीच्याच तोंडून तक्रारीची कविता लिहून पाठविली, असा एक किस्सा सांगितला जातो. आश्रयदात्यांच्या स्तुतीपर काव्येही त्यांनी लिहिली. थोडक्यात, पोटासाठी शब्द विकणे आणि रागापोटी ते उधळणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या होत्या.

तो काळही मोठ्या उलथापालथीचा होता. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त करून खिलाफत संपुष्टात आणली. १२६० मध्ये ऐन जालूतच्या लढाईत इजिप्तच्या ममलूकांनी मंगोलांना रोखले. परंतु एक जग कोसळल्याची जाणीव सर्वत्र होती. अशा वातावरणात सूफी पंथांचा प्रभाव वाढला. बुसीरीही शाझिली पंथाकडे ओढले गेले आणि अबुल अब्बास अल-मुर्सी यांचे शिष्य झाले. दरबारी स्तुतीची जागा हळूहळू प्रेषितस्तुतीने घेतली.

याच सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. अर्धे शरीर लुळे पडले. परंपरा सांगते, की हतबल अवस्थेत त्यांनी महंमद पैगंबरांच्या स्तुतीचे काव्य रचले आणि त्यांच्या मध्यस्थीने ईश्वराकडे आरोग्याची याचना केली. ते काव्य म्हणता म्हणता रडून झोपी गेले असताना स्वप्नात पैगंबर आले. त्यांनी बुसीरींच्या अंगावरून हात फिरविला आणि आपली चादर त्यांच्यावर पांघरली. जागे झाल्यावर बुसीरी उठून चालू लागले. अरबीत अशा चादरीला ‘बुर्दा’ म्हणतात. काव्याचे मूळ शीर्षक वेगळेच आहे. पण लोकांनी त्याला चादरीचेच नाव दिले.

या चादरीमागे एक जुना संदर्भ आहे. पैगंबरांच्या हयातीत काब बिन झुहैर या कवीने प्रथम त्यांची निंदा केली होती. पुढे तो क्षमा मागण्यासाठी आला आणि त्याने त्यांच्यासमोर काव्य म्हटले. पैगंबरांनी आपली चादर त्याच्या खांद्यावर टाकली, अशी कथा प्रसिद्ध आहे. हस्सान बिन साबित हे तर त्यांचे जणू अधिकृत कवीच होते. तात्पर्य, प्रेषितस्तुतीला खुद्द प्रेषितांच्या काळापासूनच मान्यता होती. वाद स्तुतीबद्दल नव्हता. स्तुती कोठे थांबावी, याबद्दल होता.

‘बुर्दा’ हे सुमारे १६० द्विपदींचे, दहा भागांचे काव्य आहे. विरहाने आरंभ होऊन मनाच्या विकारांबद्दलचा इशारा, पैगंबरांचा जन्म, चमत्कार, कुराणाची थोरवी, स्वर्गारोहण आणि युद्धे अशा टप्प्यांनी ते शेवटच्या पश्चात्तापापर्यंत पोहोचते. विशेष म्हणजे बुसीरी यांना मर्यादेचे भान होते. इजिप्तमध्ये ख्रिस्ती समाज मोठा होता आणि येशूच्या ईश्वरत्वाच्या प्रश्नावर बुसीरी यांनी वादग्रंथही लिहिला होता. ख्रिस्ती आपल्या प्रेषिताबद्दल जो दावा करतात तेवढा सोडावा, त्याखेरीज पैगंबरांची हवी तशी थोरवी गावी, असा दंडक त्यांनी काव्यातच घालून दिला. पैगंबर हे मानव आहेत, मात्र सर्व सृष्टीत श्रेष्ठ आहेत, ही त्यांची भूमिका.

तथापि, काव्याच्या अखेरीस हाच कवी थेट पैगंबरांना हाक मारतो. संकट कोसळेल तेव्हा आश्रय घ्यावा असे त्यांच्यावाचून आपल्याला कोणी नाही, असे तो म्हणतो. इहपरलोक ही त्यांच्याच औदार्याची देणगी आणि विधिलिखिताचे ज्ञान हा त्यांच्या ज्ञानाचाच एक अंश, असेही तो सुचवितो. आक्षेप आहे तो नेमका येथे.

‘तौहीद’ म्हणजे ईश्वराचे निखळ एकत्व हा इस्लामचा पाया, तर ईश्वराच्या अधिकारात कोणाला भागीदार करणे म्हणजे ‘शिर्क’ हे सर्वांत मोठे पाप. अदृश्याचे ज्ञान आपल्याला नाही आणि कोणाचे हित-अहित आपल्या हाती नाही, असे सांगण्याची आज्ञा कुराणात पैगंबरांनाच आहे. ख्रिस्त्यांनी मरियमपुत्राची केली तशी आपली अतिशयोक्त स्तुती करू नये, असा त्यांचा उपदेशही हदीसमध्ये नोंदलेला आहे. मग दिवंगत प्रेषिताला हाक मारून मदत मागणे ही प्रार्थनाच नव्हे काय? बुसीरींपेक्षा वयाने बरेच लहान असलेले इब्न तैमिया (१२६३-१३२८) यांनी ईश्वराखेरीज इतरांचा धावा करण्यास कडाडून विरोध केला. या मतांपायी त्यांना कारावास घडला आणि दमास्कसच्या किल्ल्यात कैदेत असतानाच त्यांचे निधन झाले. अठराव्या शतकात अरबस्तानातील मुहम्मद बिन अब्दुल वह्हाब (१७०३-१७९२) यांनी तर ‘बुर्दा’तील ओळींवरच बोट ठेवले. न्यायाच्या दिवसाचा स्वामी केवळ ईश्वर, हे रोज नमाजात म्हणणारा माणूस या ओळी कशा म्हणू शकतो, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा.

समर्थकांचे उत्तरही तितकेच ठाम आहे. त्यांच्या मते कवीच्या मनातील संकट म्हणजे न्यायाचा दिवस. त्या दिवशी ईश्वराच्या अनुमतीने पैगंबर श्रद्धाळूंसाठी रदबदली करतील, हे सुन्नी परंपरेला मान्यच आहे. दाता ईश्वरच, प्रेषित केवळ मध्यस्थ. शिवाय हे काव्य आहे, कायद्याचे कलम नव्हे; प्रेमाने मारलेली हाक आणि उपासना यांत भेद करायला हवा.

भारतातही हा वाद जुनाच. बरेली येथील अहमद रझा खान (१८५६-१९२१) यांनी उर्दू ‘नात’ म्हणजे प्रेषितस्तुतीला नवा बहर आणला, तर देवबंदच्या विद्वानांनी अतिरेकाबद्दल सावध केले. परंतु देवबंदच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या झुल्फिकार अली यांनीच ‘बुर्दा’वर भाष्य लिहिले, हे विसरता येत नाही. दोन छावण्यांमधील रेषा वाटते तेवढी सरळ नाही. केरळमध्ये आजही ‘बुर्दा’च्या मैफली आणि स्पर्धा होतात. साबरी बंधूंनी गायिलेली, प्रेषितांपुढे झोळी पसरणारी कव्वाली २०१५ मध्ये ‘बजरंगी भाईजान’मधून नव्या रूपात घराघरांत पोहोचली. तिच्यावर डोलणाऱ्या अनेकांना ठाऊकही नसेल, की त्या झोळीमागे सात शतकांचा वाद उभा आहे.

बुसीरी यांचे निधन अलेक्झांड्रियात १२९४ ते १२९७ च्या दरम्यान झाले. आपल्या काव्यावर एवढे रणकंदन माजेल, याची कल्पना त्यांना नव्हती. १९१० मध्ये अहमद शौकी यांनी त्याच वळणावर नवे काव्य रचले आणि उम्म कुलसूम यांनी १९४६ मध्ये ते गायिले, तेव्हा विसाव्या शतकातील अरब जगही त्या सुरांनी भारावले.

धर्मशास्त्राला शब्दांची सीमारेषा आखावीच लागते; ती न आखल्यास एकेश्वरवादाला अर्थ उरत नाही, हे आक्षेपकांचे म्हणणे हलके नाही. पण बुसीरींनाही ती रेषा माहीत होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने काव्यात आखली आणि पुढे त्याच काव्यात, अर्धांगाने जखडलेल्या माणसाच्या आर्ततेने, तिच्या अगदी काठावर जाऊन हात पसरला. ती रेषा त्यांनी ओलांडली की नाही, यावर विद्वानांचे एकमत आजही नाही. ‘बुर्दा’ गाणारे मात्र आपापल्या व्यथेसाठी ती चादर मागतच आहेत.